सड्यावरचा कॅमेरा

"ताई, स्वस्तातला आणि टिकणारा कॅमेरा कोणता घेऊ?" असं मला वरचेवर विचारलं जातं. विचारणारी मंडळी बहुधा महाविद्यालयात शिकणारी, गावातले शिक्षक, नाहीतर आपल्या पंचक्रोशीतली देवळं, वीरगळ, जुनी झाडं यांची नोंद करून ठेवू पाहणारी असतात. गाठीला पैसे मोजके असतात आणि दुकानात पाऊल टाकलं की बोलणं मेगापिक्सेलपासून सुरू होतं. मी त्यांना आधी विचारते, कॅमेरा राहणार कुठे आणि हाताळणार कोण कोण? याचं उत्तर मिळालं की निम्मा निर्णय होऊन जातो. पुण्यात कोरड्या कपाटात दहा वर्षं सुखाने राहिलेला कॅमेरा राजापूर तालुक्यात दोन पावसाळे काढील याचा भरवसा नसतो.

माझं काम कातळशिल्पांच्या नोंदणीचं. कोकणातल्या जांभ्याच्या उघड्या, सपाट माळांना आमच्याकडे सडा म्हणतात. या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कातळ खोदून हत्ती, वाघ, मासे, माणसं आणि अजून नीटसा उलगडा न झालेल्या चौकटी कोरून ठेवल्या आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले आहेत. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध एक माणूस उभा आहे. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत यांतल्या नऊ जागा गेल्या : रत्नागिरी जिल्ह्यातल्या सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यात कुशावती नदीकाठचं पणसायमळ. यादीबाहेरची शिल्पं कितीतरी आहेत. त्यांच्या शेजारी चिरेखाणी चालू असतात, कलमांसाठी कातळ फोडून माती भरली जाते, रस्ता रुंद होतो. आज काढलेला फोटो हाच उद्या त्या शिल्पाचा एकमेव पुरावा ठरू शकतो. म्हणून कॅमेऱ्याची निवड मला किरकोळ बाब वाटत नाही.

मेगापिक्सेलचा हिशेब आधी उरकून टाकते, कारण तो सोपा आहे आणि त्यापायी लोक उगाच पैसे घालवतात. ए-४ आकाराचं पान उत्तम छापायला ३०० डीपीआयने २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेल. आमच्या कामात गरज यापेक्षा वेगळ्या तऱ्हेने मोजावी लागते. उभ्याने काढलेल्या फोटोत कातळशिल्प तिरकं, आखडलेलं दिसतं. ते वरूनच पाहायला हवं. ड्रोन परवडत नव्हता तेव्हा, आणि आजही जिथे तो उडवता येत नाही तिथे, आम्ही लांब बांबूच्या टोकाला छोटा कॅमेरा बांधतो. पाच मीटर उंचीवरून रुंद कोनाच्या लेन्समध्ये सुमारे सात मीटर रुंदीचा कातळ मावतो. कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा असेल तर ते सात मीटर आडव्या ४००० पिक्सेलांत वाटले जातात. एका पिक्सेलच्या वाट्याला पावणेदोन मिलिमीटर कातळ आला. शिल्पाची खाच बोटभर ते चार बोटं रुंद असते. म्हणजे १२ मेगापिक्सेल पुरून उरतात. मोठं शिल्प एका फोटोत बसत नाही, तर एकावर एक चढणारे असे दोन-तीनशे फोटो काढून संगणकावर त्यांचा एकसंध नकाशा करायचा, ही फोटोग्रॅमेट्रीची रीत. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला तर आमच्या जुन्या संगणकाचं काम तेवढं वाढेल, खाच काही जास्त खोल दिसणार नाही.

खाच दिसते ती प्रकाशामुळे. दुपारी बाराच्या उन्हात सडा नुसता पांढुरका पत्रा होतो आणि आख्खा हत्ती डोळ्यांदेखत नाहीसा होतो. सकाळी सूर्य वर येत असताना आणि संध्याकाळी कलताना प्रकाश कातळाला घासून जातो, खाचांत सावली भरते आणि आकृती उठून येते. काही शिल्पं इतकी झिजली आहेत की अंधार पडल्यावर बाजूने टॉर्च जमिनीलगत धरूनच ती वाचावी लागतात. कमी उजेडातलं हे काम असल्याने सेन्सरचा आकार मला मेगापिक्सेलपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यातला सेन्सर सुमारे ६ गुणिले साडेचार मिलिमीटरचा, तर साध्या डीएसएलआरमधला साधारण २३ गुणिले १५चा. क्षेत्रफळात बारा-तेरा पटींचा फरक. टॉर्चच्या उजेडात हा फरक फोटोवर स्वच्छ दिसतो.

म्हणून आमच्याकडे एक डीएसएलआर आहे. निकॉनचं डी-७००० हे मॉडेल, २०१०चं, १६ मेगापिक्सेलचं, सेकंडहँड घेतलेलं. त्या रकमेत थोडी भर घातली असती तर नवा, एंट्री लेव्हलचा डीएसएलआर आला असता, आणि तसा आग्रहही झाला. मी जुन्यावर ठाम राहिले त्याला कारणं होती. या मॉडेलची वरची आणि मागची बाजू मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे, सांध्यांना धूळ-पाण्यासाठी सील आहेत. मेमरी कार्डाच्या दोन खाचा आहेत, त्यामुळे प्रत्येक फोटो तिथल्या तिथे दोन कार्डांवर लिहिला जातो. ज्या शिल्पापर्यंत पोचायला उभा दिवस मोडतो, तिथे या दुसऱ्या कार्डाचं मोल मी शब्दांत सांगू शकत नाही. शिवाय यात फोकसची मोटर बॉडीतच आहे, त्यामुळे जुन्या, बिनमोटरच्या, स्वस्त मिळणाऱ्या लेन्सही आपोआप फोकस होतात. नवशिक्यांसाठीच्या स्वस्त मॉडेलांत ती मोटर काढून टाकलेली असते. कंपनीने शटरची चाचणी दीड लाख उघडझापींपर्यंत केलेली आहे. एका मोठ्या शिल्पाला अडीचशे फोटो धरले तर सहाशे शिल्पं झाली. कॅमेरा स्वस्त की महाग, हे मी असं मोजते.

जुना कॅमेरा घ्यायचा तर तो पाहायची दृष्टी हवी. ती मला मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात एका दुरुस्ती कारागिराने दिली. तो म्हणाला होता, "मॅडम, ओरखडे नका बघू. स्क्रू बघा." बॉडीवरचे ओरखडे म्हणजे कॅमेरा कामात होता, एवढंच. स्क्रूच्या माथ्याची खाच बिघडलेली असेल तर कुणीतरी तो अर्धवट माहितीवर उघडलेला आहे. लेन्सच्या एका टोकातून मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या टोकातून तिरकं पाहायचं, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. छिद्र एफ-१६वर नेऊन मोकळ्या आभाळाचा फोटो काढायचा, सेन्सरवरचे डाग लगेच उमटतात. लेन्सला झाकण लावून अर्ध्या मिनिटाचा फोटो काढला की बिघडलेले पिक्सेल ठिपक्यांनी दिसतात. शटर किती वेळा उघडलं याचा आकडा निकॉनच्या फोटोबरोबरच्या माहितीत सापडतो. बिलावरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळवायचा. बिल नसलेला, ग्रे मार्केटमधला माल चार पैसे कमी करून मिळतो, पण संस्थेच्या हिशेबात तो दाखवता येत नाही आणि बिघडला तर दाद मागायला जागा राहत नाही. २०१९च्या जानेवारीपासून डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, तेव्हापासून तर बिलाविना घेण्याचं ते आकर्षणही बरंच उतरलं आहे.

मॉडेल निवडताना माझा आणखी एक निकष असतो, आणि तो मला कुठल्याही तांत्रिक तक्त्यात सापडत नाही : तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे काय आहे? पेंटॅक्सचा के-५० हा २०१३चा कॅमेरा मला मनापासून आवडतो. पावसाला तोंड देणारी बॉडी, आणि वेगळा होल्डर लावला तर टपरीवर मिळणाऱ्या साध्या पेन्सिल सेलवरही चालतो. आडगावात काम करणाऱ्याला याहून काय हवं? पण आमच्या भागात त्याची लेन्स कुणाकडून उसनी मिळत नाही, चार्जर हरवला तर दुसरा मिळत नाही. निकॉन आणि कॅनन मात्र प्रत्येक स्टुडिओत आहेत. डी-७०००ची बॅटरी निकॉनच्या पुढच्या अनेक मॉडेलांनाही चालते. लांजा, राजापूर, कणकवली, कुठेही अडलं तर स्टुडिओवाला भाऊ बॅटरी देतो, सेन्सरवर फुंकर मारून देतो, "दोन दिवसांनी आणून द्या" म्हणतो. लग्नाची तिथी नसली तर लेन्ससुद्धा देतो. या माणसांनी आमचं काम किती वेळा तारून नेलं आहे! कॅमेरा टिकतो तो पुष्कळदा अशा शेजारामुळे.

कोकणात कॅमेऱ्याचा खरा शत्रू पाऊस नाही, दमट हवा आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर घरातली चामड्याची वहाणही हिरवी होते. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की लेन्सच्या आत बुरशी धरते. ती नुसती बसत नाही, काचेवरचा लेप खाते, आणि मग पुसूनही डाग जात नाही. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली फोमची बॅग ही बुरशीची आवडती जागा. प्रवासापुरती बॅग ठीक, पावसाळ्यात तिच्यात कॅमेरा ठेवू नये. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट उत्तम, पण आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो. त्याऐवजी घट्ट रबरी कडेचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि काही शे रुपयांत मिळणारा छोटा आर्द्रतामापक. आकडा चाळीस ते पन्नासच्या मधे राहिला की झालं. सिलिका जेलचा रंग बदलला की जाड बुडाच्या जुन्या भांड्यात मंद आचेवर परतायचं, रंग परत येतो. हे भांडं स्वयंपाकाला वापरायचं नाही. पन्नास रुपयांच्या सिलिका जेलने हजारोंची लेन्स वाचते, तरी लोक याच गोष्टीची हयगय करतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

रबराचंही तसंच. दमट हवेत अंगठ्याखालचं रबर फुगतं, चिकट होतं, सुटून येतं. ते योग्य गोंदाने परत बसवता येतं. त्यासाठी कॅमेरा विकायला काढू नये.

डीएसएलआर एवढं सगळं करतो, तरी आमच्या कामाचा मोठा भाग त्याने होत नाही. पहिला पाऊस पडून गेला की सड्यावर एक गोष्ट घडते. खाचांत पाणी साठतं, त्या पाण्यात आभाळ उतरतं आणि एरवी जवळ उभं राहूनही न कळणाऱ्या रेषा लांबून चकाकतात. अशा सरी-उघडिपीच्या वेळी डीएसएलआर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, छत्री सांभाळत फोटो काढणं म्हणजे डोळे शिल्पावर आणि जीव कॅमेऱ्यावर. त्यासाठी आम्ही ऑलिंपसचा टीजी-५ घेतला. २०१७चं मॉडेल. पाण्याखाली १५ मीटर, दोन मीटरवरून पडणं, वरून शंभर किलोचा दाब, हे सगळं सोसण्यासाठी बनवलेला. आधीच्या टीजी-४मध्ये १६ मेगापिक्सेल होते, कंपनीने ते या मॉडेलात १२वर आणले आणि कमी उजेडातले फोटो सुधारले. बाजार वर चढत असताना आकडा खाली आणण्याचा हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. यात रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल मिळते, जीपीएसने जागेची नोंद फोटोतच होते, पॉवर बँकवर चार्ज होतो. आणि महत्त्वाचं म्हणजे याची लेन्स बाहेर येत नाही. साध्या छोट्या कॅमेऱ्यांची नळी चालू करताच बाहेर सरकते, तिच्या फटींत जांभ्याची तांबडी धूळ जाते आणि एके दिवशी नळी मधेच अडकते. आमच्याकडचे आधीचे छोटे कॅमेरे बहुतेक याच दुखण्याने गेले. बांबूच्या टोकाला बांधायलाही हाच बरा. हलका आहे, दर काही सेकंदांनी आपोआप फोटो घ्यायला लावता येतो, आणि वाऱ्याने बांबू कलला तरी काळजाचा ठोका चुकत नाही. पाण्यातून आला की सेल आणि कार्डाच्या दारातलं सील पुसून, त्यावर केस किंवा वाळूचा कण नाही ना हे पाहायचं, खाऱ्या पाण्यात गेला असेल तर गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा. एवढी शिस्त मात्र हवीच.

या कॅमेऱ्याने आमचं काम बदललं ते वेगळ्याच कारणाने. सडा ज्यांना खरा माहीत आहे ती माणसं गुरं राखणारी, गवत कापणारी, जळण गोळा करणारी आहेत. एका गावात आमच्याबरोबर एक आजोबा येत. कुठल्या खाचेत पावसाचं पाणी किती दिवस राहतं हे त्यांना ठाऊक. त्यांना मी डीएसएलआर धरायला दिला की हात मागे घेत. "नको बाय, पडला-बिडला तर तुझा तोटा व्हायचा." किंमत त्यांनी विचारली नव्हती, पण वजनावरून ओळखली होती. टीजी-५ मनगटाला दोरी अडकवून दिला, "आजोबा, पडला तरी काही होत नाही त्याला," म्हणून हातातून कातळावर सोडून दाखवला. मग त्यांनी तो घेतला आणि संध्याकाळपर्यंत परत दिलाच नाही. त्यांनी काढलेले फोटो पाहिले तेव्हा लक्षात आलं, की शिल्पांचे फोटो थोडे आणि शिल्पाभोवतालचे जास्त आहेत. गावाच्या हद्दीचा दगड, जुनी पायवाट, पाणी पिण्याची जागा, चिरेखाण गेल्या वर्षीपासून किती सरकली ते दाखवणारी कड. आम्ही शिल्पावर उभे राहून खाली पाहत होतो, त्यांनी आजूबाजूला पाहिलं होतं. पुढे ग्रामपंचायतीपुढे खाणीचा विषय मांडताना याच फोटोंचा उपयोग झाला.

तेव्हापासून टिकाऊपणाबद्दलचं माझं मत पक्कं झालं आहे. जो कॅमेरा दुसऱ्याच्या हातात निर्धास्तपणे देता येतो, त्याला मी टिकाऊ म्हणते. महाग आणि नाजूक वस्तू एकाच माणसाच्या गळ्यात राहते, आणि मग नोंदही एकाच माणसाच्या नजरेची होते. शाळेतली मुलं बरोबर असतात तेव्हा तर हे फारच जाणवतं. नववीतल्या मुली मापपट्टी कुठे ठेवायची, उत्तरेचा बाण कसा लावायचा हे एका सकाळीत शिकतात. त्यांना "हात लावू नका" म्हणून दूर उभं करणारा कॅमेरा कितीही चांगला असो, माझ्या कामाचा नाही.

मोबाइल काय वाईट, असं कुणीही विचारील, आणि विचारायलाच हवं. जगभरात २०१० साली बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३मध्ये ऐंशी लाखही नव्हते. ही सगळी जागा फोनने घेतली आणि ती उगाच घेतलेली नाही. पटकन जागेची नोंद करायला, गावातल्या माणसाने "हे बघा काय सापडलं" म्हणून कळवायला फोनसारखं साधन नाही. पण एप्रिलच्या सड्यावर फोन तापून बंद पडतो, उन्हात पडदा दिसत नाही. फोन स्वतःच्या बुद्धीने कातळाचा पोत गुळगुळीत करतो नाहीतर कडा धारदार करतो, आणि आम्हाला तर तो पोत जसाच्या तसा हवा असतो. त्यातून फोटो येतो व्हॉट्सॲपवरून. म्हणजे आकार घटलेला, आणि तारीख, जागा, लेन्स ही सगळी माहिती पुसली गेलेली. फोनच वापरायचा असेल तर रॉ फाइल काढणारं ॲप वापरा आणि फोटो केबलने संगणकावर घ्या, एवढं मी सांगते.

कार्डांबाबत थोडकंच. एक मोठं घेण्याऐवजी ३२ जीबीची तीन-चार घ्यावीत, ओळखीच्या दुकानातून बिलावर घ्यावीत, कारण नकली कार्डं सर्रास मिळतात. त्याच रात्री दोन हार्ड डिस्कवर उतरवल्याशिवाय कार्ड रिकामं करू नये.

आता डीएसएलआरचे दिवस मावळत चालले आहेत. निकॉनने डी-३५०० आणि डी-५६०० ही स्वस्त मॉडेलं २०२२मध्ये थांबवली. ऑलिंपसने कॅमेऱ्यांचा व्यवसायच २०२१च्या सुरुवातीला दुसऱ्या कंपनीकडे सोपवला, आणि टीजी मालिका आता ओएम सिस्टिम या नावाने निघते. त्यांच्या जागी आलेले, आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे चांगले आहेत, पण त्यांच्या जुन्या बाजारात अजून एवढी रेलचेल नाही आणि स्टुडिओवाल्यांकडच्या उसन्या लेन्सही अडॅप्टरवाचून त्यांना बसत नाहीत. सुटे भाग मिळतात तोवर, म्हणजे आणखी काही वर्षं, थोडक्या पैशांत काम करणाऱ्याला जुन्या डीएसएलआरइतकं भरवशाचं दुसरं काही मला दिसत नाही.

गेल्या महिन्यात एका गावच्या शाळेने स्वतःचा कॅमेरा घ्यायचं ठरवलं, आणि यादी करून द्या म्हणून निरोप आला. मी लिहून दिलं : पाण्यात चालणारा, लेन्स बाहेर न येणारा एक छोटा कॅमेरा, त्याला दोन जादा बॅटऱ्या, तीन कार्डं, घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, आर्द्रतामापक, सहा मीटरचा बांबू, मापपट्टी. डीएसएलआर या वर्षी नको, लागेल तेव्हा आमचा न्या. गुरुजींनी विचारलं, डब्याची किल्ली कुणाकडे ठेवायची? मी म्हटलं, कुलूपच घालू नका. शेजारी वही ठेवा. नेणाऱ्याने नाव, तारीख, कुठल्या सड्यावर चाललो ते लिहायचं, आणि परत ठेवताना आर्द्रतामापकाचा आकडा. त्यांनी वहीत शेवटी एक रकाना स्वतःहून वाढवला आहे : 'सोबत कोण होतं'.